समुपदेशकाचा अंदाज आणि संस्कृती: निष्कर्ष तपासून घेण्याची रीत

१९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन आणि ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णांच्या मुलाखतींच्या त्याच त्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यातल्या एका तरुणाला ६९ टक्के अमेरिकन तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असल्याचं ठरवलं. ब्रिटिश तज्ज्ञांमध्ये तसं म्हणणारे निघाले फक्त २ टक्के. रुग्ण तोच, वाक्यं तीच, भाषाही दोन्हीकडे इंग्रजीच. फरक होता तो बघणाऱ्यांच्या घडणीत: ते कुठे शिकले, वरिष्ठांनी त्यांना कुठलं लक्षण महत्त्वाचं मानायला शिकवलं, कुठलं नाव सढळ हाताने द्यायची तिथे सवय होती.

संस्कृती आणि समुपदेशन हा विषय निघाला की बोलणं लगेच क्लायंटकडे वळतं. त्याच्या श्रद्धा, त्याचं घर, त्याचा समाज. प्रशिक्षणवर्गांतही बहुधा तेच होतं: अमुक समाजाचे लोक असे असतात, तमुक समाजाचे तसे. हे वाचून माणूस हुशार झाल्यासारखा वाटतो, पण समोरच्या व्यक्तीबद्दलचा त्याचा अंदाज काही सुधारत नाही, कारण चुकायची पहिली जागा अंदाज बांधणाऱ्याकडे असते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या समुपदेशकाच्या डोक्यात काय चाललंय ते तपासण्याच्या आहेत. क्रमाने दिल्या असल्या तरी प्रत्यक्ष कामात मागेपुढे जावं लागतंच.

आधी हे बघा: निर्णय नेमका कुठे होतो

निष्कर्ष एका क्षणात निघत नाही. आधी ठरतं, क्लायंटच्या तासाभराच्या बोलण्यातलं काय टिपायचं आणि काय सोडून द्यायचं. मग ठरतं, टिपलेल्यातलं काय नेहमीचं आणि काय खटकणारं. खटकलेल्याला नाव मिळतं, ते किती गंभीर आहे ते ठरतं, आणि शेवटी या माणसाचं 'बरं होणं' म्हणजे काय तेही ठरतं. या प्रत्येक ठिकाणी समुपदेशकाचं बालपण, वर्ग, धर्म, लिंग आणि व्यावसायिक शिक्षण आपापला हात घालतं. शेवटच्या टप्प्याकडे तर कुणी बघतही नाही, कारण उद्दिष्ट क्लायंटच्या संमतीने ठरलं आहे असा आपला समज असतो.

एक उदाहरण घेऊ. तिशीतला एक माणूस म्हणतो, "नोकरी बदलायचीय, पण आईवडिलांशी बोलल्याशिवाय काही ठरवणार नाही." एक समुपदेशक टिपणात लिहितो, 'निर्णयक्षमता कमी, पालकांवर अवलंबून.' दुसरी लिहिते, 'कुटुंबाचा आधार चांगला.' वाक्य एकच. पण पहिला पुढच्या चार भेटी त्याला एकट्याने निर्णय घ्यायला शिकवण्यात घालवेल. घरी करायला दिलेला सराव तो करून आला नाही की 'प्रतिकार' असा शेरा मारेल, आणि आपला पहिला अंदाज खरा ठरला असं स्वतःलाच सांगेल. दुसरीचंही चुकू शकतं. आईवडिलांचा दबाव खरोखर जाचक असेल तर 'आधार चांगला' म्हणून ती तो प्रश्न विचारणारच नाही.

ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात दाखवलं की पहिला अंदाज नांगरासारखा रुततो आणि नंतरची दुरुस्ती त्याच्या आसपासच घुटमळते. समुपदेशनाच्या खोलीत हा नांगर बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच पडतो. त्या मिनिटांत क्लायंटबद्दल हाताशी फारसं काही नसतं: दिसणं, कपडे, बोलण्याची धाटणी, आडनाव, सोबत कोण आलंय. म्हणजे नांगर पडतो तो समाजाने आपल्याला त्या दिसण्याबद्दल जे शिकवलंय त्यावर.

चुका दोन दिशांनी होतात. पहिली सगळ्यांना ठाऊक असते: जे त्या माणसाच्या जगात साधं आहे त्याला आजार म्हणणं. दुसरी तिच्या बरोबर उलट: जो खरोखर आजार आहे, किंवा छळ आहे, त्याला 'त्यांच्यात असंच असतं' म्हणून सोडून देणं. माझ्या मते दुसरीकडे फार दुर्लक्ष होतं. संवेदनशील समुपदेशकांकडून ती जास्त होते, कारण आपण कुणावर अन्याय करतोय असं ती करताना वाटतच नाही. उलट आदर दाखवल्यासारखं वाटतं.

पायरी १: आपली मोजपट्टी कागदावर उतरवा

हे काम क्लायंट समोर येण्याआधीचं. एक निवांत तास काढून पुढची वाक्यं हाताने पूर्ण करा: निरोगी प्रौढ माणूस राग आला की... निरोगी मुलगी आईवडिलांशी मतभेद झाला की... दुःखातून सावरायला साधारण... देवाशी बोलणारा माणूस... नवऱ्याला विचारून खर्च करणारी बाई... पैशांची तंगी असतानाही नातेवाइकांना मदत करणारा... लिहिताना थांबून सुधारू नका. जे आलं ते तुमचं 'सामान्य' आहे, आणि उद्याचा क्लायंट त्याच्याशीच ताडून पाहिला जाणार आहे.

आपलं सामान्य तटस्थ असतं असं ज्याला वाटतं त्याने १९७० चा ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आठवावा. ७९ व्यावसायिकांना, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्त्यांना, निरोगी पुरुष, निरोगी स्त्री आणि निरोगी प्रौढ यांचं वर्णन करायला सांगितलं होतं. निरोगी पुरुषाचं वर्णन निरोगी प्रौढाशी जुळलं, निरोगी स्त्रीचं जुळलं नाही. म्हणजे स्त्रीने एक तर निरोगी स्त्री असावं, नाही तर निरोगी प्रौढ! आणि वर्णन करणाऱ्यांमध्ये स्त्रियाही होत्या. त्यांची उत्तरं पुरुषांपेक्षा वेगळी नव्हती.

मग स्वतःच्या ओळखीचे पदर मांडा. पामेला हेज या मानसशास्त्रज्ञांच्या आराखड्यात वय, जन्मजात किंवा पुढे आलेलं अपंगत्व, धर्म, वांशिक ओळख, आर्थिक-सामाजिक स्थान, लैंगिक कल, आदिवासी वारसा, राष्ट्रीयत्व आणि लिंग हे पदर येतात. प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं: या बाबतीत मी बहुसंख्यांत किंवा वरचढ बाजूला आहे का? उत्तर जिथे 'हो' येतं, तिथे आपल्याला सगळ्यात कमी दिसतं. ज्याला कधी पैशाची चिंता करावी लागली नाही त्याला क्लायंटचं भेट चुकवणं 'प्रेरणेचा अभाव' वाटू शकतं; प्रवासखर्चाचा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही.

यात एक पदर मी जोडेन: आपलं व्यावसायिक घराणं. आपण कुठल्या पद्धतीत शिकलो, हीदेखील संस्कृतीच आहे. आणि या व्यवसायाच्या संस्कृतीचा इतिहास काही फार अभिमानाचा नाही. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला 'ड्रॅपेटोमेनिया' नावाचा आजार ठरवलं होतं. समलैंगिकता अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ साली आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. प्रत्येक वेळी त्या काळचे शिकलेसवरलेले लोक आपण शास्त्राप्रमाणेच चालतोय अशा खात्रीत होते.

पायरी २: रेफरलच्या चिठ्ठीतलं नाव बाजूला ठेवा

क्लायंटला तुमच्याकडे पाठवणाऱ्याची चिठ्ठी वाचायची, पण दोन भागांत. जिवाचा धोका, औषधं, शारीरिक आजार, पूर्वीचे प्रयत्न हे भेटीआधीच वाचा. त्यात हयगय नको. निदानाचं नाव आणि स्वभावाबद्दलचे शेरे मात्र आपली स्वतःची पहिली नोंद लिहून झाल्यावर बघा.

लँगर आणि एबलसन यांनी १९७४ साली एकाच मुलाखतीची फीत थेरपिस्टांना दाखवली. काहींना सांगितलं, हा नोकरीसाठी आलेला उमेदवार आहे; काहींना सांगितलं, हा रुग्ण आहे. मनोविश्लेषणाच्या, म्हणजे फ्रॉइडच्या परंपरेतल्या, वळणाने शिकलेल्यांना 'रुग्ण' हा 'उमेदवारा'पेक्षा बराच अधिक बिघडलेला दिसला. वर्तनोपचार, म्हणजे दिसणाऱ्या वागण्यावर काम करणारी पद्धत, शिकलेल्यांच्या मूल्यमापनात असा मोठा फरक पडला नाही. नाव आधी कळलं की डोळे ते नाव शोधायला लागतात, आणि किती शोधतात ते तुमच्या शिक्षणावरही ठरतं.

पायरी ३: काय पाहिलं आणि काय समजलो, हे वेगळं लिहा

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे कॅमेऱ्याला दिसलं असतं आणि रेकॉर्डरला ऐकू आलं असतं तेवढंच. उजवीकडे तुमचा अर्थ. डावीकडे: 'प्रश्नानंतर बराच वेळ गप्प. नजर खाली. वडिलांचं नाव घेताना आवाज बारीक.' उजवीकडे: 'दडपलेला राग? भीती? आदर? माझा प्रश्न कळला नाही? खोलीत पुरुष आहे म्हणून?' उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह असायलाच हवं, आणि एका निरीक्षणापुढे किमान दोन अर्थ.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नजर, शांतता, हसू, बोलण्याचा वेग, शारीरिक अंतर आणि भावनांचं चेहऱ्यावर दिसणं या गोष्टींत. मानसिक स्थितीच्या तपासणीत यांना मानाचं पान असतं. 'भावदर्शन बोथट' हे निदानासारखं लिहिलं जातं, पण तो शेरा लिहिणाऱ्याच्या मनात चेहरा किती हलायला हवा याचं एक माप आधीच असतं. मोठ्यांसमोर, अनोळखी माणसासमोर, सरकारी किंवा दवाखान्याच्या खोलीत बसल्यावर चेहरा आवरून धरणं अनेक जणांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. याची पडताळणी सोपी आहे. तोच माणूस बाहेरच्या बाकावर भावाशी बोलताना कसा दिसतो? विषय हलका झाला की चेहरा हलतो का? कुटुंबातल्या कुणाला विचारा: "हे नेहमीच असे शांत असतात, की हल्ली झालेत?"

हा शेवटचा प्रश्न मला पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या लक्षणयादीपेक्षा मोलाचा वाटतो. माणसाची तुलना आपल्याशी न करता त्याच्याच कालच्या रूपाशी केली, की संस्कृतीचा गोंधळ एकदम कमी होतो.

पायरी ४: त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत ऐका

आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट आग्रहाने मांडली: आजाराबद्दल डॉक्टरचं एक स्पष्टीकरण असतं आणि रुग्णाचंही एक असतं, आणि दुसरं विचारल्याशिवाय कळत नाही. पुढे १९९४ साली अमेरिकन निदानपुस्तिकेच्या, म्हणजे डीएसएमच्या, चौथ्या आवृत्तीत सांस्कृतिक मांडणीचा आराखडा आला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याची १६ प्रश्नांची प्रत्यक्ष मुलाखत झाली. तिचे चार भाग आहेत: त्रासाची व्याख्या; कारण, परिस्थिती आणि आधार; स्वतः केलेले उपाय आणि पूर्वी घेतलेली मदत; आणि आत्ता हवी असलेली मदत. नातेवाइकांना विचारण्यासाठी वेगळी आवृत्ती आहे आणि खोलात जायचं असेल तर १२ पूरक भागही आहेत.

ही मुलाखत फक्त 'वेगळ्या' दिसणाऱ्या क्लायंटसाठी राखून ठेवू नका. ती सगळ्यांसाठी आहे, तुमच्याच गल्लीत वाढलेल्यासाठीसुद्धा. आणि फॉर्म भरल्यासारखी वाचून दाखवू नका. बोलीत विचारा, साधारण असं:

"तुम्हाला काय त्रास होतोय, ते घरच्यांना सांगताना तुम्ही कसं सांगता?"
"हे कशामुळे सुरू झालं असं तुम्हाला वाटतं? घरच्यांना काय वाटतं?"
"यातलं सगळ्यात जास्त काय छळतं?"
"कुणाचा आधार वाटतो? कुणामुळे त्रास वाढतो?"
"इथे येण्याआधी काय काय करून पाहिलंत? कशाने बरं वाटलं?"
"माझ्यासारख्या माणसाला तुमचं म्हणणं नीट कळणार नाही, अशी शंका येते का?"

शेवटचा प्रश्न विचारताना समुपदेशकाची जीभ अडखळते. विचाराच. त्या प्रश्नाने बंद दार किलकिलं होतं. उत्तर "नाही नाही, तसं काही नाही" असंच आलं तरी हरकत नाही. दोन भेटींनंतर खरं उत्तर आपणहून येतं, कारण इथे हे बोलायला चालतं हे त्याला कळलेलं असतं.

"काय करून पाहिलंत" विचारताना चेहऱ्यावर ताबा हवा. मंत्र, नवस, तांत्रिक, जडीबुटी, इंटरनेटवरचा कोर्स, काहीही निघेल. भुवई उंचावली की पुढची माहिती बंद. इथे तुम्हाला त्या उपायाचं मूल्यमापन करायचं नसतं. त्या माणसाला कशाने, कुणामुळे, किती दिवस बरं वाटलं ते समजून घ्यायचं असतं. उपाय जिवाला किंवा औषधांना घातक असेल तर बोलायचं, पण ते नंतर, आणि सरळ.

उत्तरं बऱ्याचदा शरीराच्या भाषेत येतात: छातीत दडपण, डोकं जड, अंगात आग, हातापायांतलं बळ गेलं. क्लाइनमन यांनी १९८० च्या सुमारास चीनमधल्या हुनानमध्ये 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' असं निदान झालेल्या १०० रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातल्या बहुसंख्यांमध्ये नैराश्याच्या आजाराची लक्षणं भरत होती. ते लोक खोटं बोलत नव्हते, 'भावना ओळखता येत नाहीत' असंही नव्हतं. डोकेदुखी आणि थकवा त्यांना खरोखर होता, आणि त्या समाजात तो सांगणं सुरक्षित होतं. असा क्लायंट आला की शारीरिक तपासणी करून घ्या, आणि शरीराच्या भाषेतच पुढे बोला: "छातीत दडपण येतं तेव्हा मनात काय चाललेलं असतं?" 'हे शारीरिक नाही, मानसिक आहे' हे वाक्य पहिल्या भेटीत उच्चारणं म्हणजे दुसऱ्या भेटीची वाट बघत बसणं.

पायरी ५: 'त्यांच्यात चालतं' या वाक्याला तीन प्रश्न विचारा

क्लायंटच्या वागण्याला सांस्कृतिक अर्थ सापडला की हायसं वाटतं आणि आपण थांबतो. थांबू नका. तीन प्रश्न: याच्या जवळच्या, याच्याच समाजातल्या माणसांना हे नेहमीचं वाटतं का? याला स्वतःला यातना होतात का, किंवा रोजची कामं अडतात का? आणि हे त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या वागण्यापेक्षा वेगळं आहे का? तिन्हींची उत्तरं काळजी वाढवणारी असतील तर संस्कृतीचं स्पष्टीकरण कितीही चपखल वाटो, पुरेसं नाही.

मृत जोडीदाराचा आवाज ऐकू येणं घ्या. पुस्तकी डोळ्याला हा भ्रम. पण डेवी रीस या डॉक्टरने १९७१ साली वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांना विचारलं तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी मृत जोडीदाराचा काही ना काही भास होतो असं सांगितलं, आणि बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे ही काही दूरदेशीच्या लोकांची खासियत नाही. उलट बाजूला, स्किझोफ्रेनिया असलेल्यांनाही आवाज सगळीकडे सारखे ऐकू येत नाहीत. टान्या लुऱ्हमन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, घाना आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून पाहिलं. अमेरिकन रुग्णांचे आवाज बहुधा हिंसक आणि परके होते, चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे, कामं सांगणारे, रागावणारे आवाज येत, तर घानात अनेकांनी देवाच्या आवाजाचा अनुभव चांगला असल्याचं सांगितलं. आवाज प्रेमळ आहे म्हणून आजार नाही असं होत नाही, आणि आवाज आहे म्हणून आजार आहे असंही नाही.

शोकाचंही तसंच. डीएसएमच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत प्रदीर्घ शोकाचा विकार म्हणायला प्रौढांसाठी किमान १२ महिने लागतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत किमान ६. दोन्हींत एक अट समान आहे: हा शोक त्या माणसाच्या सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक असला पाहिजे. मग ती रीत काय, हे कॅलेंडर बघून कळत नाही. घरच्यांना विचारावं लागतं.

दोन ठिकाणी मात्र संस्कृतीला दाद द्यायची नाही. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांची हेळसांड यांना 'त्यांच्या घरची पद्धत' म्हणून टिपणातसुद्धा सौम्य करू नका. मार खाणारी व्यक्तीही त्याच संस्कृतीची असते, आणि तिचं मत घरातल्या वरचढ माणसासारखं असेल असं कुणी सांगितलं? दुसरं, आत्महत्येचा विचार. 'यांच्या धर्मात हे पाप आहे, ते करणार नाहीत' असं गृहीत धरून प्रश्न गाळणं फार धोक्याचं आहे. पाप मानणारा माणूस विचार लपवतो, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. सरळ विचारायला अडचण वाटत असेल तर पायरीने जा: "जगण्याचा कंटाळा येतो का? झोपेतून उठूच नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलंय का?" पण शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचा.

पायरी ६: एकाऐवजी तीन स्पष्टीकरणं लिहा

पहिलं निष्कर्षाचं नाव सुचलं की त्याच पानावर आणखी दोन शक्यता लिहायची सक्ती स्वतःवर करा. एक स्पष्टीकरण आजाराचं, एक परिस्थितीचं, एक या खोलीतल्या नात्याचं. समजा क्लायंट संशयी वाटतो, प्रत्येक प्रश्नाला "हे कशासाठी विचारताय?" म्हणतो. आजार: संशयाचा भ्रम. परिस्थिती: भेदभाव, पोलीस, स्थलांतराच्या कागदपत्रांचा धाक, पूर्वी माहिती बाहेर फुटल्याचा अनुभव. खोली: मी गोपनीयतेबद्दल नीट सांगितलंच नाही, किंवा ज्यांच्याकडून त्याला त्रास झाला त्यांच्यातलाच मी दिसतो. प्रत्येकाखाली बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा लिहा. दोन भेटींत कुठला पुरावा वाढतो ते बघा.

यानंतर अदलाबदलीची चाचणी. टिपण वाचताना क्लायंटचं लिंग, वंश, जात, धर्म किंवा आर्थिक स्तर मनातल्या मनात बदला आणि पुन्हा वाचा. निष्कर्ष तोच राहतो का? १९८८ साली लोरिंग आणि पॉवेल यांनी हेच कागदावर केलं. अमेरिकेतल्या २९० मानसोपचारतज्ज्ञांना सारखीच केस-वर्णनं दिली, फक्त रुग्णाचा वंश आणि लिंग बदललं. निदानं बदलली, आणि मजकूर तोच असूनही कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यावर हिंसकपणा, संशयीपणा, धोकादायकपणा जास्त नोंदला गेला. ही चाचणी करायला पाच मिनिटं लागतात. करताना आतून 'पण ते वेगळं आहे' असा आवाज आला, तर नेमकं काय वेगळं ते लिहून काढा. कधी कधी खरोखर वेगळं असतंही.

पायरी ७: चाचणीचा आकडा आणि दुभाषी

प्रश्नावलीचा आकडा निःपक्ष वाटतो, पण तो कुणाच्या तरी सरासरीशी ताडलेला असतो. चाचणी वापरण्याआधी तीन गोष्टी शोधा: प्रमाणीकरण कुणावर झालं, तुमच्या क्लायंटच्या भाषेतली आवृत्ती तपासून घेतलेली आहे की कुणीतरी घाईत भाषांतर केलंय, आणि 'आजार आहे' म्हणण्याची सीमारेषा त्या लोकसमूहात पडताळली आहे का. उत्तर मिळालं नाही तर आकड्याऐवजी उत्तरपत्रिकेवर बोला. ज्या विधानांना क्लायंटने टोकाची खूण केली ती एकेक घेऊन "याचं एखादं उदाहरण सांगाल?" विचारलं की अर्धे गैरसमज तिथेच निघतात.

दुभाषी लागणार असेल तर घरातलं मूल कधीच नको. आपल्या आईच्या मरणाच्या विचारांचं भाषांतर बारा वर्षांच्या मुलाकडून करून घेणं क्रूर आहे, आणि माहितीही गाळून येते. भेटीआधी दुभाष्याला सांगा: सुधारू नका, आवरू नका, विस्कळीत बोलणं विस्कळीतच सांगा. नाहीतर विचारांचा गोंधळ भाषांतरात नीटनेटका होऊन येतो आणि लक्षणच हरवतं. बोलताना बघायचं क्लायंटकडे. आणि क्लायंट दुसऱ्या भाषेत मोडकंतोडकं बोलत असेल तर त्याच्या बुद्धीबद्दल किंवा भावनेच्या खोलीबद्दल काहीही लिहू नका. परक्या भाषेत कोरडं वाटणारं दुःख मातृभाषेत वेगळंच ऐकू येतं.

पायरी ८: क्लायंट आपल्यातलाच असेल तेव्हा जास्त सावध

एकाच समाजातले, एकाच भाषेतले, जवळपास एकाच वयाचे दोघं समोरासमोर बसले की सगळं सोपं वाटतं. "कळतंय ना तुम्हाला, आपल्याकडे कसं असतं ते" असं क्लायंट म्हणतो आणि समुपदेशक मान डोलावतो. त्या मान डोलावण्यात एक प्रश्न मरतो. 'आपल्याकडे' म्हणजे त्याच्या घरी नेमकं कसं, हे आता कधीच विचारलं जाणार नाही.

अशा जोडीत समुपदेशक दोनपैकी एका बाजूला झुकतो. स्वतः ज्या चौकटीतून झगडून बाहेर पडला असेल, ती क्लायंटनेही मोडावी असा छुपा आग्रह धरतो. नाहीतर स्वतः जी निमूट स्वीकारली असेल, तिच्याविरुद्ध बोलणारा क्लायंट त्याला हट्टी वाटतो. उपाय रुक्ष आहे, पण चालतो: मान डोलावण्याऐवजी म्हणायचं, "मला माझ्या घरचं माहीत आहे, तुमच्या घरचं सांगा." क्लायंट क्षणभर चमकतो, मग बोलायला लागतो, आणि बऱ्याचदा जे निघतं ते आपल्या अंदाजाशी जुळत नाही.

पायरी ९: एकट्याने ठरवू नका, आणि आकडे मोजा

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठांशी होणाऱ्या चर्चेत, केस मांडताना निदानाचं नाव शेवटी सांगा. आधी निरीक्षणं, मग क्लायंटचं स्पष्टीकरण, मग तुमच्या तीन शक्यता. नाव आधी सांगितलं तर वरिष्ठांचाही नांगर तिथेच पडतो. आपल्यापेक्षा वेगळ्या पार्श्वभूमीच्या सहकाऱ्याला ऐकवा, पण त्याला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करू नका. त्यालाही त्याच्या समाजातल्या सगळ्यांचं माहीत नसतं.

टरव्हॅलन आणि मरे-गार्सिया यांनी १९९८ साली सांस्कृतिक विनम्रतेचा विचार मांडला. प्रमाणपत्र मिळवून संपणारं कौशल्य अशी कल्पना सोडून द्या, जन्मभराची स्वतःची तपासणी धरा, असा त्याचा रोख. बोलायला हे छान आहे. मला वाटतं ते मोजल्याशिवाय पोकळ राहतं. म्हणून वर्षातून एकदा आपल्या बंद झालेल्या केसेस काढा, नावं झाकून. 'व्यक्तिमत्त्व विकार' कुणाला लिहिलं आणि 'ताण' कुणाला? अर्धवट सोडून गेलेले कोण होते? 'सहकार्य करत नाही' हा शेरा कुणाच्या वाट्याला जास्त आला? एका केसमध्ये कल दिसत नाही, पंचवीस-तीस केसेसच्या रांगेत दिसू लागतो. केंद्रात चार-पाच समुपदेशक असतील तर हे एकत्र बसून करा, कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता.

पायरी १०: निष्कर्ष लिहिणं आणि बदलणं

अंतिम टिपणात चार गोष्टी असाव्यात: निष्कर्ष, तो कशावरून काढला, त्याच्या विरुद्ध जाणारं काय आहे, आणि काय दिसलं तर तो बदलेल. पुरावा कमी असेल तेव्हा 'तात्पुरता' हा शब्द लिहायची लाज बाळगू नका. 'पारंपरिक विचारांची', 'मागास कुटुंब', 'अंधश्रद्ध' असे शेरे टिपणातून काढून टाका आणि त्या जागी घडलेली गोष्ट लिहा. क्लायंटने हे पान वाचलं तर त्याला स्वतःची ओळख पटेल का, असं विचारत लिहिलं की बरेच शब्द आपोआप गळतात.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत हा निष्कर्ष क्लायंटसमोर मांडा: "मला आत्तापर्यंत असं समजलंय. यात काय चुकलंय?" 'काही चुकलंय का' असं विचारू नका, त्याला सभ्य माणूस "नाही" म्हणतो. मोठ्यांना किंवा तज्ज्ञांना नकार द्यायचा नाही असं शिकलेल्या क्लायंटला पर्याय द्या, "हे जास्त बरोबर वाटतं, की ते?" म्हणजे असहमत होण्यासाठी त्याला तुमच्या विरुद्ध जावं लागत नाही.

आणि निष्कर्ष बदलला, तर तो फक्त डोक्यात बदलून भागत नाही. जुन्या नोंदीवर तारीख घालून दुरुस्ती लिहा, कारणासह. ज्या डॉक्टरला, शाळेला किंवा कार्यालयाला आधीचं पत्र गेलं असेल त्यांना क्लायंटच्या संमतीने नवं पत्र पाठवा, आणि त्याची एक प्रत क्लायंटच्या हातात द्या. पुढच्या ठिकाणी गेल्यावर जुनं नाव पुन्हा समोर आलं, तर दाखवायला त्याच्याजवळ तो कागद असतो.